साईड देणारे काका

रेस सुरू व्हायच्या आधी काका कंप्युटरच्या डोक्यावर हात नेऊन तिथं नसलेला आरसा सरळ करायचे. मग स्टेअरिंगला नमस्कार. मग मागं वळून विचारायचे, "बसले का समदे?"

रेसच्या गाडीत एकच माणूस मावतो, हे त्यांना सांगायच्या भानगडीत आम्ही कधी पडलो नाही.

नाशिकला सिडकोत माझा सायबर कॅफे होता. तुमच्याही गल्लीत तेव्हा असा एखादा असणार, खिडकीला पडदे लावलेला, आत काय चालतं याची आयांना काळजी. माझ्याकडे चालायची ती इंटरनेटवरच्या मोटार शर्यतींची लीग. नाशिकची चार टाळकी, सिन्नरचा एक, मनमाडचा एक आणि दुबईला नोकरीला गेलेला येवल्याचा एक. त्या एकामुळे आम्ही बोर्डावर 'आंतरराष्ट्रीय' लिहिलं होतं. दर दिवाळीला मोठी शर्यत व्हायची. तिचा इतिहास थोर आहे. पहिल्या वर्षी भारनियमन जिंकलं. दुसऱ्या वर्षी इन्व्हर्टर आणला, तर कोणाच्या तरी खोदकामात टेलिफोनची केबल तुटली. तिसऱ्या वर्षी शर्यत पूर्ण झाली आणि कोण जिंकलं यावरून दोघांनी बोलणं टाकलं.

काका वरच्या मजल्यावर राहायचे. एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, सुरगाण्याच्या घाटात जन्म गेलेला. आवाजाची तक्रार करायला खाली आले आणि टेबलाला लावलेलं स्टेअरिंग बघून तक्रारच विसरले. पुढच्या दिवाळीपासून आमच्या शर्यतीला शिस्त लागली. मागून कोणी आलं की काका डावीकडे दबून साईड द्यायचे. "त्याला घाई दिसती. जाऊ द्या." वळण आलं की हॉर्न कुठाय म्हणून विचारायचे. ठरलेल्या वेळेत रेषा ओलांडली नाही तर निकालात नाव येत नसे. काकांचं कधीच आलं नाही.

त्यांना मात्र ते हवं होतं. डेपोसमोरच्या टपरीवर जुने ड्रायव्हर चहाला जमायचे. आपण रेस खेळतो असं काकांनी त्यांना सांगितलं होतं आणि ते पोट धरून हसले होते.

"शेठ, पयला नंबर नको. नुसता पोचलो, येवढं छापून द्या. त्यांच्या तोंडावर मारतो."

आणि एका दिवाळीला काका खरंच पोचत होते. रेषा समोर दिसत होती, वेळही शिल्लक होती. कॅफेतले बाकीचे आपापली शर्यत संपवून त्यांच्या खुर्चीमागे ओरडत उभे होते. रेषेच्या अलीकडे सिन्नरवाल्याची गाडी आडवी उभी होती. काकांनी ब्रेक मारला आणि तिच्यामागे थांबले.

"काका, चला! बाजूनं काढा!"

"आपल्यातली गाडी बंद पडली. सोडून जात्यात व्हय?"

"अहो, तिकडची लाईट गेली. तो सिन्नरला घरात बसलाय."

"फोन करून बघा आधी."

चालू शर्यतीत अपघातग्रस्ताच्या घरी फोन लावणारा जगातला पहिला आयोजक मीच असेन. अपघातग्रस्त चकली खात होता.

"धड हाय ना? मग झालं," म्हणत काकांनी गियर टाकला. तेवढ्यात पडद्यावर वेळ संपल्याची पाटी आली.

मला त्यांचा भयंकर राग आला. आजही येतो. आणि आमच्या सगळ्या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये माणूस म्हणावा असा तो एकच होता, हेही तितकंच खरं.

पुढच्या दिवाळीच्या आतच काका गेले. घरातले दिवस संपत आले तेव्हा काकू खाली आल्या.

"ह्यांचं ते छापायचं राहिलं होतं ना? उद्या तेराव्याला डेपोतली माणसं यायचीत."

लीगचे नियम मीच केले होते आणि कुणाच्या बापासाठी वाकवले नव्हते. मी गेल्या दिवाळीचा निकाल उघडला आणि त्यात काकांचं नाव टाईप केलं. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं.

"काकू, कितवा नंबर टाकू? पहिला टाकू?"

"शेवटचा टाका," काकू म्हणाल्या. "पयला टाकला तर डेपोतली माणसं खरं नाय मानायची."