एकक: दिवस

नगरच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्याचं स्टोअर मी अठरा वर्षं सांभाळलं. कोणतं वॉशर कोणत्या रॅकवर, हे डोळे झाकून सांगायचो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली की नारळ फोडायचा मान माझाच. शेठ चारचौघांत म्हणायचे, "हा आपल्या घरचा माणूस."

घरच्या माणसाचा पगार मात्र ठेकेदाराकडून यायचा. कायम करा म्हटलं, की शेठ कोपराला गूळ लावायचे. अलीकडे तो गूळ नव्या सॉफ्टवेअरचा होता. "ते येऊ द्या, कामगारांच्या यादीत पहिलं नाव तुमचं."

यंदा नवरात्राच्या आधी ते आलं. शिकवायला पुण्याची एक पोरगी आली, हुशार आणि गोड बोलणारी. ती म्हणाली, "काका, काहीही भरायच्या आधी त्याचा प्रकार ठरवायचा. आपल्याकडून माल घेतो तो कस्टमर, आपल्याला देतो तो व्हेंडर, कामावरचा माणूस एम्प्लॉयी, आणि आपण विकत घेतो ती वस्तू किंवा सेवा म्हणजे आयटम."

मला हे लगेच समजलं. जन्मभर दुसरं केलं काय? ऑफिसनं दिलेली आयटमची यादी मी स्वतः भरली. बेअरिंग, ग्रीस, सुतळी. सुतळीच्या खाली एक ओळ होती: 'स्टोअर मजूर, अकुशल. एकक: दिवस.' असेल कुणी हमाल, म्हणून तीही भरून टाकली.

शेवटच्या दिवशी मी हौसेनं एम्प्लॉयीच्या यादीत माझं नाव शोधलं. नव्हतं. पोरीनं शोधलं, तरी नव्हतं. तिनं ठेकेदाराचं बिल उघडलं आणि आवाज खाली आणला.

"काका, तुम्ही इथे आहात. आयटममध्ये."

ती सुतळीखालची ओळ होती. अठरा वर्षं, आणि अकुशल! तेही माझ्याच बोटांनी लिहिलेलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"खोडून टाका ती," मी म्हणालो.

"बिलात वापरलेला आयटम खोडता येत नाही, काका. फक्त बंद करता येतो."

बिचारीचा काय दोष? तिनं खरं तेच सांगितलं. अठरा वर्षांत तेवढंही कुणी सांगितलं नव्हतं.

खंडेनवमीला यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. सगळे जमल्यावर शेठनी नेहमीसारखा नारळ माझ्यापुढं धरला. "चला, घरच्या माणसानं फोडायचा."

मी हात मागं घेतले. "शेठ, आयटम कुठं नारळ फोडतो व्हय? सुतळीला सांगा की. यादीत ती माज्या वर हाय."

शेठ मोठ्यानं हसले. माझा स्वभाव चेष्टेचा, त्यांना वाटलं ही त्यातलीच एक. हसत हसतच त्यांनी नारळ पुढच्या माणसाच्या हातात दिला.