मुलीचे सायकलचे सर
माझ्या मुलीला सायकल मी शिकवली. एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ड्यूटीवरून आलो की सीट धरून तिच्यामागे धावायचो. त्यामुळे तिच्या सायकलवर आपला कायमचा हक्क आहे, असं मला मनातून वाटायचं.

पुढे ती पिंपळगावला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये नोकरीला लागली आणि तिने डोंगरात चालवायची, जाड टायरची सायकल घेतली. नाशिक शहराबाहेर मुरमाची एक बंद खाण होती. मालकाने ती वापरायला दिली, आणि तिच्या सायकलवाल्या ग्रुपने ठरवलं की दर रविवारी खपून तिथे सरावाची जागा करायची. मातीचे उंचवटे, कललेली वळणं, उड्या मारायला कट्टे. कुणीही यावं, फुकट शिकावं. टिकाव-फावडं घेऊन मीही निघालो.

तिथे सर भेटले. माझ्याच वयाचे, बरीच वर्षं बंगळुरूला काढून नाशिकला परतलेले. अशी जागा त्यांनी तिकडे बांधली होती, म्हणून सगळे त्यांना विचारायचे. त्यांची बायको सगळ्यांसाठी पोहे आणायची. माणूस वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

घरी जेवताना सुद्धा 'सर म्हणाले' सुरू झालं. भाजी अळणी झालीय म्हटलं, तर मुलगी म्हणाली, "सर तर मीठ कमीच खातात." माझा घास तोंडातच फिरत राहिला.

एका रविवारी मी एकट्याने एक उंचवटा रचला. पाणी मारलं, धुम्मसने ठोकून गुळगुळीत केला. सरांनी वाकून पाहिलं. "दादा, मेहनत जबरदस्त आहे. पण चढ जरा उभा झालाय. पुढचं चाक आपटेल."

"वापरला की बसेल खाली," मी म्हणालो.

सर बाजूला झाले. फावडं उचललं ते माझ्या मुलीने. माझ्याकडे न बघता तिने माथा खरडायला घेतला. मुरूम माझ्या बुटांवर येऊन पडत होता आणि मी तसाच उभा होतो. घरी आल्यावर म्हणालो, "पोळ्या गोल झाल्यात का, तेही विचार तुझ्या सरांना."

"अहो, काय लहान मुलासारखं!" बायको म्हणाली. मुलगी ताट उचलून आत गेली.

दिवाळीच्या सुमारास जागा तयार झाली. सगळ्यात उंच कट्टा माझ्या छातीएवढा होता. पहिली उडी कुणाची, यावर जरा थट्टा चालली आणि मुलगी सायकल घेऊन वर चढली.

"नको गं," मी ओरडलो. "आधी छोट्यावरून कर."

"पप्पा, केलंय मी छोट्यावरून. कितीदा तरी."

मला ते माहीत नव्हतं. ती माझ्याशिवायही इथे येत होती तर.

सर खाली उभे होते. "वजन मागे. नजर लांब. चल," एवढंच बोलले. ती सुटली. चाकं हवेत गेली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती पलीकडच्या वळणातून हसत येत होती. तिने आधी सरांच्या हातावर टाळी दिली. मग माझ्याकडे आली.

"घाबरलात ना?"

"छे."

"तुम्ही ओरडलात तेव्हा मी जवळजवळ थांबले होते." तिने हेल्मेट काढलं. केस घामाने चिकटले होते. "परत ओरडू नका हं."

मी मान हलवली. त्या दिवशी सगळ्यांच्या आग्रहाने मीही तिची सायकल घेऊन लहान उंचवट्यांवर गेलो आणि दुसऱ्यावरच आडवा झालो. सर धावत आले, हात पुढे केला. मी तो घेतला नाही. गुडघ्यावर जोर देऊन आपला आपण उठलो.

अजूनही रविवारी जातो. सरांशी बोलतो, पोहेही खातो. ती मात्र त्यांना काही विचारायला लागली की मी घमेलं उचलून खाणीच्या पलीकडच्या टोकाला जातो.