न फोडलेला लखोटा

सासूबाईंवर माझा विश्वास नव्हता, हे आज प्रथमच लिहिते आहे. साकोलीजवळच्या आमच्या गावात तलावाखालची धानाची बांधी, म्हणजे भातशेत, त्यांच्या नावावर आहे. ती त्यांनी आपल्याला विकली, असा दावा माझ्या चुलत दिराने कोर्टात केला. विक्रीपत्रावर सासूबाईंचा म्हणून अंगठा होता. "मी अंगठा देलाच नाही," एवढेच त्या सांगत. पण वय ऐंशीच्या घरात, विसरणे वाढलेले. कुणी फसवून घेतला असेल आणि यांच्या लक्षात नसेल, असे मला मनातून वाटे.

आमच्या वकिलांनी कोर्टाच्या परवानगीने तो ठसा नागपूरच्या तज्ज्ञांकडे तपासायला दिला होता. अहवाल काही येईना. दोनदा तारीख वाढवून मिळाली. त्यानंतर न्यायाधीशांनी बजावले की, सबळ कारण दाखवले नाही तर आता तुमचा पुरावा बंद करू. तारखेच्या तीन दिवस आधी पोस्टमनने नागपूरचा लखोटा आणून दिला. अहवाल सासूबाईंच्या विरोधात गेला, याची मला इतकी खात्री वाटली की मी तो फोडलाच नाही. कागदांच्या पिशवीत सरकवून दिला. घरात बोलले नाही. वकिलांनी फोनवर विचारले, तेव्हा काहीच आले नाही, असे मी सांगितले.

तारखेच्या सकाळी कोर्टात निघताना सासूबाई गावदेवी मातामायच्या ठाण्यासमोर थांबल्या. मीही हात जोडले, पण काय मागावे तेच कळेना. खोटे बोलून वर मागायचे तरी कसे? शेवटी म्हटले, माय, माझ्याने आता होत नाही, तूच पाहा.

कोर्टाच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. वकील मुदतवाढीचा अर्ज लिहीत होते, पण सोबत जोडायला कागद नाही म्हणून चिंतेत होते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तशी एक अनोळखी म्हातारी त्यांच्या जागेवर येऊन टेकली. ओच्यातले मुरमुरे खात तिने माझ्या पिशवीकडे बोट केले. लखोट्याचे टोक बाहेर आले होते.

"हा फोडला काहून नाही वं?"

"भेव लागते," मी म्हणाले. नवऱ्यालाही जे सांगितले नव्हते, ते तिच्यापुढे सहज निघून गेले.

"मले वाचता येत नाही. तुले येते ना? मंग फोड."

मी लखोटा फोडला. तो अहवाल नव्हता. तज्ज्ञांचे पत्र होते. अंगठ्याच्या रेषा फार झिजल्या असल्याने आधीचे नमुने अपुरे आहेत, नवे ठसे घेतल्याशिवाय मत देता येणार नाही, बाईंना घेऊन यावे. मी धावत वकिलांकडे गेले. त्यांनी पत्र वाचून लगेच अर्जाला जोडले. तेवढ्यात पुकारा झाला.

विरुद्ध बाजूच्या वकिलांनी जोरात हरकत घेतली. न्यायाधीशांनी पत्र दोनदा वाचले आणि सासूबाईंना जवळ बोलावून हात दाखवायला सांगितले.

"काय काम करत होता, आजी?"

"धानाचा रोवणा, साहेब. जिंदगीभर चिखलात रोवणाच केला."

त्या गुळगुळीत अंगठ्याकडे सगळे पाहत राहिले. तारीख वाढवून मिळाली. बाहेर येऊन मी त्या म्हातारीला फाटकापर्यंत शोधले. ती कोण, कुठली, मला आजही ठाऊक नाही.

पुढे नागपूरला नवे ठसे दिले आणि अहवाल आला: विक्रीपत्रावरचा अंगठा सासूबाईंचा नव्हे. कोर्टाने दावा फेटाळला, बांधी राहिली. त्या दिवशी त्यांचे पाय धरून मी सगळे कबूल केले, संशयही आणि लखोटाही. त्या रागावल्या नाहीत.

"मले बी सोतावर कोठं भरोसा होता, माय? कधी कधी वाटे, देला असन का अंगठा? म्हणून मातामायले बांधी नाही मांगतली. म्हटलं, खरं काय ते दिसू दे. मंग बांधी राहो का जावो."

मी निकाल मागायलाही घाबरले होते. या बाईने मात्र तो आधीच देवीच्या हाती सोडला होता, स्वतःविरुद्ध गेला तरी चालेल म्हणून. तेव्हापासून हात जोडले की मी फार काही मागत नाही. जे आहे ते पाहायची हिंमत दे, एवढेच म्हणते.