पोह्यांवरची सेव

देवासात पोह्यांवर सेव लागतेच, पण आमचे शेजारी ती वरण-भातावरही घ्यायचे. एक मूठ ताटात, एक मूठ पायाशी बसलेल्या लठ्ठ म्हाताऱ्या कुत्र्याला. या थंडीत त्या कुत्र्याला सकाळी उठताच येईना. शेजाऱ्यांनी आपली गुडघेदुखीची गोळी त्याच्यासाठी पोळीत गुंडाळलीसुद्धा! नशीब, आधी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला.

"माणसाची गोळी अजिबात देऊ नका, जीव जाईल त्याचा," डॉक्टर ओरडले. मग तपासून त्यांनी कुत्र्यांचं औषध दिलं आणि बजावलं, वजन उतरलं तरच सांध्यांना आराम पडेल, सेव बंद.

तेव्हापासून त्यांच्या घरात सेव येत नाही. ते सकाळी आमच्याकडे येतात, "बस वहिनी, थोडीशीच," म्हणत पोह्यांवर सेव घेतात, साबणाने हात धुतात, बोटं हुंगून बघतात आणि मगच घरी जातात. कुत्रा आता हळूहळू गल्लीच्या टोकापर्यंत चालतो.

काल मी सेवेचा डबा पुढे केला, तर त्यांनी तो मागे सारला.

"नको वहिनी. परवा इतके हात धुतले, तरी उसको पता चल गया. भुंकला नाही, रुसला नाही. नुसता माझा हात चाटत बसला."