मामांच्या हॉर्नमधलं खोबरेल

वर्षभर ही पोस्ट टाळली. कारण मामांबद्दल लिहायचं तर नैनाबद्दल लिहावं लागतं, आणि नैना मला सहन होत नाही.

मामा गेले त्याला आज वर्ष झालं.

माझे सख्खे मामा. मूळचे चिपळूणचे. बँकेच्या नोकरीपायी लखनौला आले आणि निशातगंजमध्येच राहिले. मी कॉलेज अर्धवट टाकून भटकणारा माणूस. कुठेच जमलं नाही की यांच्या घरी येऊन पडायचो.

नैना खालच्या मजल्यावरची. तिला बाइक मामांनी शिकवली.

मला कधी चावीसुद्धा दिली नाही.

"मन्या, तू सब्जी आणायला म्हणून निघशील आणि बाराबंकीहून फोन करशील."

खरं आहे. पण म्हणून काय?

आणि तिला काय म्हणायचे? उस्ताद.

"आओ उस्ताद, आज कार्बोरेटर खोलते हैं."

मी भाचा असून मला "काय चिरंजीव". तेही टोमण्यात.

मामा आजारी पडले तेव्हापासून बाइक जिन्याखाली झाकून ठेवलेली. जाण्याआधी मामीला सांगून गेले, गाडी नैनाला द्या. नैना तोवर नोकरीसाठी पुण्याला गेलेली. म्हणजे बघा, आम्ही मराठी लोक इकडे लखनौत, आणि ही लखनौची पोरगी पुण्यात. तिथेही माझ्या आधी पोचली.

परवा मामी म्हणाली, "वर्षश्राद्धाला तरी ती गाडी चालू कर रे. मला तो हॉर्न ऐकायचाय एकदा."

मामा ऑफिसातून आले की गेटपाशी दोनदा छोटा हॉर्न द्यायचे. तो ऐकून मामी चहा ठेवायची.

"आणि गाडी?" मी विचारलं.

"गाडी नैनाचीच. येईल तेव्हा नेईल."

"ती कसली येतेय आता."

हे मी जरा आनंदानेच म्हणालो. माझा विचार सरळ होता. बाइक मी चालू करणार, नैना येणार नाही, उन्हाळ्यात मी आणि बाइक स्पीतीला.

जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं, बॅटरी चार्ज केली. इंजिन सुरू झालं हो! पण हँडलवरचे स्विच मेलेले. इंडिकेटर डावीकडे गेला की तिथेच मुक्काम. हॉर्नचं बटण तर दगड. दाबलंच जाईना.

काल पॉलिश पेपर आणायला म्हणून निघालो. अमीनाबादला मक्खन मलाई खाल्ली, एक मफलर घेतला, परत आलो. पॉलिश पेपर राहिला.

मामा, हसू नका.

आज पहिलं काम म्हणून तो आणला. श्राद्धाचं आटोपलं, जेवणं झाली, आणि मी जिन्याखाली बसलो. बॅटरीची वायर काढली. खालचे स्क्रू काढून स्विचची डबी उघडली. आतले फोटो काढून ठेवले, कारण आत एक बारीक स्प्रिंग आणि तिच्यावर छर्रा असतो. तो उडाला की कुठे होता ते आठवत नाही.

आणि वास आला.

खोबरेल.

आत सगळं पांढरं, घट्ट, मेणासारखं. धूळ खाऊन त्याचं कीट झालेलं.

मामा प्रत्येक गोष्टीला खोबरेल लावायचे. दाराची कडी, कात्री, शिलाई मशीन, स्वतःचे गुडघे. चिपळूणला चालतं. लखनौच्या थंडीत खोबरेल बाटलीत गोठतं, मामी ती बाटली रोज उन्हात ठेवते. हे डोळ्यांसमोर दिसत असून मामांनी स्विचमध्ये तेच घातलं! वर्षानुवर्षं!

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. थंडीत निघण्याआधी मामा हँडलवर डावा तळहात ठेवून गप्प उभे राहायचे. मला वाटायचं, देवाचं काहीतरी म्हणतायत.

ते हॉर्न वितळवत होते.

आणि नैनापण तश्शीच उभी राहायची. म्हणजे तिला माहीत होतं.

तिला सांगितलं. मला नाही.

गेलेल्या माणसावर रुसता येतं का? येतं. स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन बराच वेळ रुसून बसलो.

मग मामांच्या जुन्या बनियनची चिंधी घेतली आणि ते सगळं पुसून काढलं. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा कळंक चढला होता, तो पॉलिश पेपरने हलकेच घासला. कोपरे जुन्या टूथब्रशने. छर्रा उडालाच, चपलांच्या रॅकखाली सापडला. सगळं जोडलं. वायर लावली.

दोनदा. छोटा.

वर मामीने हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग गॅस पेटवल्याचा.

पायरीवर बसून हे टाइप करायला घेतलं, आणि गेट वाजलं.

नैना. पाठीवर सॅक, हातात हेल्मेट.

"कोहरे में फ्लाइट लेट हो गयी, वरना सुबह ही आ जाती. मन्या, गली के मोड़ पर हॉर्न सुना यार... मला वाटलं..."

सरळ बाइकपाशी आली, वाकली आणि हॉर्नच्या बटणाला नाक लावलं.

"खोबरेल कुठे गेलं? निकाल दिया क्या?"

"साफ केलं. असं ठेवतं का कोणी?"

"अरे यार. मैं वही सूँघने आयी थी."

आता ती वर मामीच्या गळ्यात पडली असेल. चहात पाणी वाढलं असेल.

चावी देतो तिला. तुम्ही सांगून गेलात, तर देतो.

पण चिंधी माझ्या खिशात आहे. तिला माहीत नाही. आणि मी सांगणार नाही.

बरं मामा. या आता.