मुक्ताची उंची

माझी भाची मुक्ता नववीत आहे. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून कायम पोक काढून चालते. काल तिला योगाच्या क्लासला सोडायला गेले आणि दारातच रेंगाळले. बाईंनी तिला भिंतीला पाठ टेकवून उभं केलं. टाचा, खांदे, डोकं भिंतीला लागलं.

“बाई, मी आणखीच उंच दिसते,” ती कुजबुजली.

“आहेसच तू उंच, दिसू दे की! आता सावकाश श्वास घे.”

तिनं श्वास घेतला, तशी हनुवटी हळूच वर आली. ‘ताठ चाल’ म्हणून आपण मुलींना येता-जाता टोकतो. पण तुझी उंची कुणाच्या आड येत नाही, हे सांगायचं राहूनच जातं.

क्लास सुटला. मुलींचा घोळका फाटकाकडे येत होता. त्यात मुक्ता मला लांबूनच दिसली.