शरयूताईंच्या नावाने

शरयूताईंना किळस आली की आमच्या दैनिकाच्या कचेरीत सगळ्यांना कळायचं. हातातला मजकूर त्या चिमटीत, मेलेली पाल धरावी तसा, लांब धरत. "'शास्त्रज्ञ म्हणतात' म्हणजे कोण? त्यांच्या आईबापांनी नावं ठेवली नाहीत का?" विज्ञान पुरवणीचं काम मी त्यांच्याकडे शिकलो, ते ही बोलणी खातच.

रसायनशास्त्राची प्राध्यापकी सोडून त्या वृत्तपत्रात आल्या होत्या. दूध का नासतं, लोखंड का गंजतं, असल्या विषयांवरची त्यांची पुस्तकं बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानांत अजून हमखास मिळतात. एकदा संपादक म्हणाले, "अहो ताई, ज्योतिषांचीही बाजू घ्या. बातमीत दोन्ही बाजू हव्यात." ताई म्हणाल्या, "घेते की. उद्या नळाच्या पाण्याची बातमी आहे, तिच्यात गटाराचीही बाजू घेते."

मग एक ग्रहण आलं. त्या दुपारी धायरीहून शकुंतलाबाई नावाच्या वाचक बाईंचा ताईंना फोन आला. "ताई, तुमचं वाचून गरवार सुनंला सकाळपासून पाण्याचा थेंब दिला नाय. आता चक्कर येऊन पडली, दवाखान्यात हाय. आणखी काय पाळायचं?"

ताईंनी असं काही लिहिलंच नव्हतं. आम्ही आमचं संकेतस्थळ उघडून पाहिलं. 'ग्रहणात गर्भवतींनी काय टाळावे', आणि खाली ताईंचं नाव, हसरा फोटो. जाहिरात विभागातल्या एकाने तो लेख संगणकाकडून लिहून घेतला होता. "मॅडम, तुमच्या नावावर क्लिक जास्त येतात," त्याने सरळ सांगितलं. ताई बेसिनपाशी गेल्या आणि खरोखरच ओकल्या.

दुसऱ्या दिवशी त्या मला घेऊन धायरीला गेल्या. सून घरी आली होती, पोटातलं बाळ सुखरूप होतं. ताईंनी झालं ते सगळं सांगितलं. शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमच्या नावानं कोण बी काय बी छापतंय, अन् तुम्हालाच ठावं नाय? मग आम्ही इस्वास कुणावर ठेवायचा?" चहाचंही कोणी विचारलं नाही. परतताना रिक्षात ताई एवढंच म्हणाल्या, "खरंय त्यांचं."

तोवर कचेरीत तो लेख गुपचूप काढला होता. ताईंनी पहिल्या पानावर खुलासा मागितला. "कशाला? लोक विसरतील," संपादक म्हणाले. "ओकारी पुसली म्हणून पोट बरं होत नाही," असं म्हणून ताईंनी राजीनामा दिला.

पुढच्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी त्या धायरीत देवळासमोर बायकांना गोळा करून ग्रहणाबद्दल बोलल्या. काही जणी हसल्या, काही उठून गेल्या. मागे उभ्या असलेल्या शकुंतलाबाई शेवटी म्हणाल्या, "हे पेपरात लिवा की."

"नाही. येऊन सांगत जाईन. समोर असले की तुम्हाला भांडता तरी येतं."

त्या खरंच जात राहिल्या. याचा पत्ता लागल्यावर संपादकांनी माझ्याकरवी निरोप धाडला, ताईंच्या समाजकार्यावर छान पानभर बातमी करू. ताईंचा चेहरा पूर्वीसारखाच आक्रसला.

"त्यांना स्वतःला या म्हणावं. फक्त आधी हात धुवा. साबण लावून."

संपादक आले नाहीत. गेल्या वर्षी ताई गेल्या, तेव्हाही नाही.